मिनिट्सबुक माळ्यावर होतं

मला संघटनेत पहिलं काम मिळालं ते आवाज बरा आहे म्हणून. सायनला एमबीबीएस करताना गॅदरिंगचं निवेदन करायचे, ते कुणाच्या तरी लक्षात होतं. भांडुपला टेंभीपाड्याच्या रस्त्यावर दवाखाना टाकून दहा-बारा वर्षं झाली होती. आमच्या भागातल्या डॉक्टरांच्या संघटनेची मी सभासद झाले होते, ती केवळ क्रेडिट पॉइंटसाठी. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचं रजिस्ट्रेशन दर पाच वर्षांनी रिन्यू करायचं तर ३० पॉइंट लागतात. संघटनेची सीएमई, म्हणजे डॉक्टरांसाठीची व्याख्यानं, ही रविवारी सकाळी ते पॉइंट घराजवळ मिळायची सोय, वर उपमा-शिरा. अशाच एका रविवारी सूत्रसंचालन करणारी डॉक्टर आली नाही. मी माइक हातात घेतला आणि पुढची सहा वर्षं तो सुटला नाही.

डॉ. बिधानचंद्र रॉय यांचा जन्म १८८२ चा आणि मृत्यू १९६२ चा, दोन्ही १ जुलैलाच, म्हणून आपण हा दिवस डॉक्टर्स डे म्हणून साजरा करतो, हे वाक्य मी दर जुलैला म्हटलंय. ‘गोळी जेवणानंतर, दिवसातून दोनदा’ जसं तोंडातून आपोआप येतं, तसं ते यायला लागलं. मग मला कार्यकारिणीत घेतलं. पद : सांस्कृतिक सचिव. कार्यकारिणीत आम्ही तिघी बायका होतो आणि तिघींकडे मिळून होतं सांस्कृतिक, महिला विभाग आणि सहल. सभा चालू असताना मला वाटायचं, इथे काहीच ठरत नाही. खरं तर ठरायचं सगळं. फक्त सभा संपल्यावर, खाली गाड्यांपाशी. मी तोवर रिकामे बुके आणि शाली मोजत असायचे.

२०१७ साली निवडणुकीच्या आधी मी सांगितलं, मला खजिनदार व्हायचंय. तेव्हाचे अध्यक्ष अगदी मायेने म्हणाले, ‘‘मॅडम, हे रटाळ काम तुम्ही कशाला घेता? तुमचं बोलणं इतकं छान आहे.’’ पण दुसरं कुणी अर्जच भरला नाही. बिनविरोध निवडून आले. सासूबाईंनी विचारलं, ‘‘यात पैसे मिळतात का?’’ मी म्हटलं, ‘‘नाही, सांभाळायचे असतात.’’ त्यावर त्या काही बोलल्या नाहीत, पण चेहऱ्यावरून कळत होतं.

हिशेब माझ्याकडे आला तो मिठाईच्या खोक्यातून. काजूकतलीच्या. आत पावत्यांचे गठ्ठे, अर्धवट चेकबुक आणि २०१३ साली शेवटचं भरलेलं पासबुक. बँकेत गेले तर खात्यावर सह्या दोन जणांच्या : एक डॉक्टर वारलेले, दुसरे मुलाकडे कॅनडात. सह्या बदलायला आधी धर्मादाय आयुक्तांकडचा चेंज रिपोर्ट मंजूर झालेला हवा, असं बँकेने सांगितलं.

चेंज रिपोर्ट हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. आमच्यासारख्या बहुतेक संघटना १८६० च्या सोसायटी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेल्या असतात. पदाधिकारी बदलले की ९० दिवसांत कलम २२ खाली तो बदल कळवायचा असतो. आमच्याकडे मागच्या तीन कार्यकारिण्यांनी तो कळवलाच नव्हता. म्हणजे सरकारी दप्तरात अजून ते वारलेले डॉक्टरच खजिनदार होते आणि आम्ही सगळे हार-तुरे घेतलेले पदाधिकारी कागदावर कुणीच नव्हतो. वकील म्हणाले, एकदम शेवटचा बदल नोंदवता येणार नाही. तिन्ही क्रमाने लावा, प्रत्येकाला उशीर माफीचा अर्ज जोडा. प्रत्येकासाठी सभेची नोटीस, हजेरी, ठरावाची नक्कल, नव्यांची संमती. आणि त्यासाठी हवं मिनिट्सबुक, म्हणजे सभांच्या इतिवृत्ताचं रजिस्टर.

ते कुणाकडेच नव्हतं. आजी मेल्यावरही ज्याच्या किल्ल्या सापडू नयेत असं कपाट असतं ना, तसं. फोनाफोनी करत शेवटी मुलुंडला राहणाऱ्या एका जुन्या सचिवांपर्यंत पोचले. ऐंशीच्या आसपासचे, प्रॅक्टिस कधीच बंद केलेली. काकूंनी नातवाला स्टुलावर चढवून माळ्यावरून एक ट्रंक काढली. लाल कापडी पाठीचं जाड रजिस्टर, डांबरगोळ्यांचा वास, आणि कोपऱ्यावर चहाच्या कपाचं गोल वळं. सरांचं अक्षर डॉक्टरचं वाटू नये इतकं सुवाच्य. ‘गणसंख्येअभावी सभा तहकूब करून अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्यात आली’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक पानावर होतं. सभासदांसाठी स्वतःचं सभागृह बांधण्याचा ठराव मला अकरा वेळा सापडला, दर वेळी टाळ्यांच्या गजरात मंजूर.

ते रजिस्टर मी रात्री दवाखाना बंद केल्यावर वाचून काढलं. सहा वर्षं मी ज्या माणसांची ओळख माइकवरून करून देत होते ती काय करतात, ते मला त्यातून कळलं. कोण नेहमी सूचक असतो, कोण अनुमोदक, कुणाचा ठराव ‘पुढील सभेत विचारार्थ’ म्हणून कायमचा झोपतो. रजिस्टर परत करायला गेले तेव्हा सर म्हणाले, ‘‘सभेत कुणाचं मत बदलत नाही हो. आदल्या रात्री तीन जणांना फोन करायचा. एक सूचक, एक अनुमोदक, आणि तिसरा जो विरोध करणार असेल तो.’’ मी हसले. ते हसले नाहीत.

पावणेदोन वर्षं लागली. भांडुपहून दादर, दादरहून वरळीच्या धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची बस, असं किती वेळा गेले ते मोजलं नाही. दवाखान्याची सकाळ मात्र दर वेळी बुडाली. तिन्ही रिपोर्ट मंजूर झाले, सह्या बदलल्या, आणि गंमत म्हणजे खात्यात आम्हाला वाटत होते त्यापेक्षा बरेच जास्त पैसे निघाले. एक मुदत ठेव सगळेच विसरले होते. त्या एजीएमला, म्हणजे वार्षिक सभेला, हिशेब वाचून झाल्यावर पहिल्यांदा लोकांनी मला प्रश्न विचारले. सूत्रसंचालिकेला कोण प्रश्न विचारतं?

२०१९ मध्ये मी सचिव झाले. सचिवपद म्हणजे रात्रीचा फोन. त्याच वर्षी डिसेंबरात रात्री साडेअकराला एका तरुण जीपीचा, म्हणजे फॅमिली डॉक्टरचा, फोन आला. तापाचा पेशंट हॉस्पिटलला पाठवला, तिथे तो दगावला, आणि नातेवाइकांनी परत येऊन दवाखाना फोडला. मी सलवार-कमीजवर शाल गुंडाळून पोलीस ठाण्यात पोचले, तर तिथे एनसी लिहून घेणं चाललं होतं, म्हणजे अदखलपात्र. पर्समध्ये मी २०१० च्या कायद्याची झेरॉक्स ठेवत होते, कारण हे होणार हे ठाऊक होतं. डॉक्टरवर किंवा दवाखान्यावर हल्ला हा त्यात दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड, आणि फुटलेल्या उपकरणांच्या खरेदी किमतीच्या दुप्पट भरपाई. ड्युटीवरच्या साहेबांनी झेरॉक्स दोनदा वाचली, आत जाऊन आले आणि गुन्हा दाखल करून घेतला. रात्रीचे अडीच वाजले होते.

खरा घोळ पुढे झाला. दुप्पट भरपाई मागायची तर खरेदीची बिलं हवीत. बीपीचं मशीन, नेब्युलायझर, वजनकाटा, सगळं त्याने प्रिन्सेस स्ट्रीटवरून रोखीने आणलेलं, एकाचंही बिल नाही. दुसऱ्या दिवशी मी स्वतःच्या दवाखान्यात शोधलं, तर माझ्याकडे ईसीजी मशीनचं सोडून एकही नव्हतं. पुढच्या सीएमईला व्याख्यात्याच्या आधी दहा मिनिटं मी फक्त बिलांवर बोलले. त्या वर्षातलं माझं सगळ्यात उपयोगी भाषण तेच असावं.

मग कोविड आला. त्यावर सगळ्यांनी इतकं लिहिलंय की मी फक्त एवढंच म्हणेन, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर मास्कचा हिशेब ठेवणं हे खजिनदारकीपेक्षा कठीण होतं. निवडणुका लांबल्या, माझं सचिवपदही लांबलं.

अध्यक्षपद आमच्याकडे एका वर्षाचं. सचिवानंतर अध्यक्ष असा रिवाज होता, लिहिलेला कुठेच नाही. २०२२ मध्ये मी अर्ज भरला आणि मला सांगण्यात आलं की या वर्षी नर्सिंग होमवाल्या कन्सल्टंटांपैकी, म्हणजे स्पेशालिस्टांपैकी, कुणीतरी असू दे, तुमचं पुढच्या वर्षी बघू. मी अर्ज मागे घेतला नाही. हरले, ७१ विरुद्ध ६२.

वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण दोन दिवसांनी मतदारांची यादी घेऊन बसले तेव्हा दिसलं की टेंभीपाडा, कांजूर, विक्रोळी इथले जीपी जवळपास आलेच नव्हते. मतदान होतं गुरुवारी संध्याकाळी ६ ते ८. जीपीचा दवाखाना भरतोच सहाला! कन्सल्टंट ओपीडी थोडी मागे ढकलू शकतो. आमच्याकडे पेशंट कामावरून सुटून थेट येतो आणि दार बंद दिसलं की शेजारच्याकडे जातो. यात कुणाचा कावा नव्हता. गुरुवारी हॉल स्वस्त मिळायचा, एवढंच.

पुढच्या वर्षी मी एकच ठराव मांडला : मतदान रविवारी सकाळी १० ते १. आदल्या रात्री तीन फोन केले. तिसरा फोन ज्यांनी मला हरवलं होतं त्यांनाच. ते म्हणाले, हॉलचे जास्तीचे पैसे कोण देणार? मी म्हटलं, मुदत ठेवीचं व्याज. ठराव पाच मिनिटांत मंजूर झाला, आणि त्या सभेला गणसंख्याही पहिल्याच फटक्यात भरली. मी ९४ विरुद्ध ६८ ने निवडून आले.

अध्यक्ष म्हणून मी फार काही क्रांती केली नाही. औषध कंपनीच्या पैशाचं जेवण बंद केलं, त्यावरून बराच गदारोळ झाला. डॉक्टरांनी कंपन्यांकडून भेटवस्तू घेण्यावर बंदी घालणारा २००९ चा नियम संघटनांना लागू नाही, २०१६ मध्ये त्यातला संघटनांचा उल्लेख वगळलाय, हे मला तीन जणांनी तीन वेळा ऐकवलं. बरोबरच होतं त्यांचं. पण दारात एमआर, म्हणजे कंपनीचा प्रतिनिधी, हातात यादी घेऊन आम्हा डॉक्टरांच्या नावावर खूण करतो, ते मला बघवत नव्हतं. जेवणाचे माणशी ३०० रुपये ठेवले. पहिल्या सीएमईला निम्म्या खुर्च्या रिकाम्या, तिसऱ्याला पुन्हा भरल्या. सूत्रसंचालन दर वेळी वेगळ्याने करायचं, पुरुषांनीही, असा दंडक घातला. एका सर्जनने ‘स्वागतोत्सुक’ म्हणताना तीनदा अडखळून माइक मला द्यायचा प्रयत्न केला. मी घेतला नाही.

२०२४ मध्ये माझी मुदत संपली. नवीन कार्यकारिणी बसल्यापासून एकसष्टाव्या दिवशी नव्या खजिनदारांना बरोबर घेऊन वरळीला गेले आणि चेंज रिपोर्ट दाखल केला. पोचपावतीची झेरॉक्स रजिस्टरला चिकटवली. परतीला दादरला गाड्या खोळंबल्या होत्या, दवाखान्यात पोचायला पावणेआठ झाले. बाकड्यावर आणि पायरीवर मिळून चौतीस पेशंट बसले होते आणि कंपाउंडर माझ्याशी बोलत नव्हता.