तुम्ही विचारलंत म्हणून: यात दुसरा गेम लागत नाही का?

गणपतीत आमच्याकडे आरती आटोपून मोदकांचं ताट फिरलं, की निम्मी मंडळी जिना उतरून बेसमेंटमध्ये जातात. तिथे आउटरनचं एक उभं कॅबिनेट आहे, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या आर्केड गेमची पेटी. सेगाने 1986 साली काढलेला, यू सुझुकी यांनी घडवलेला तो लाल गाडीचा गेम. पोरं रांग लावतात. दोन-दोन डाव झाले की पहिला प्रश्न येतो, ‘‘मावशी, यात दुसरी रेस नाही का?’’ मग त्यांचे बाबा (आमच्या शिकागोतले बाबा बहुतेक सॉफ्टवेअरमध्येच असतात) माझ्या नवऱ्याला विचारतात, ‘‘अरे, आत एखादा पीसी का नाही टाकत? सगळे गेम एकाच पेटीत येतील.’’ तो माझ्याकडे बोट दाखवतो आणि वर चहा टाकायला निघून जातो. मी हातातली प्लेट सांभाळत अर्धंमुर्धं काहीतरी सांगते. आज सवडीने सांगते.

दुसरा गेम लागतो. मी लावतेही. पण वाटेल तो लागत नाही, आणि त्याचं कारण बोर्डापेक्षा (म्हणजे ज्यावर गेम असतो त्या सर्किटच्या पाटीपेक्षा) चाकात जास्त आहे.

आउटरनचं स्टिअरिंग मागून उघडलंत तर दांड्यावर एक दातेरी चक्र दिसेल. ते एका छोट्या पोटेन्शिओमीटरला फिरवतं. जुन्या रेडिओवर आवाज कमी-जास्त करायची खुंटी असायची ना, तीच वस्तू. आम्ही तिला नुसतं पॉट म्हणतो. चाक जिथे असेल त्याप्रमाणे पॉटमधून कमी-जास्त व्होल्टेज बोर्डाकडे जातं आणि बोर्ड त्याचा 0 ते 255 मधला एक आकडा करतो. चाक सरळ असेल तर तो आकडा 128 च्या आसपास हवा. टेस्ट मोडमध्ये जाऊन तो आकडा बघत बघत पॉट कणभर इकडे-तिकडे करायचा आणि मग स्क्रू आवळायचा, हे काम मी इतक्या वेळा केलंय की आता कुणी नुसतं ‘गाडी डावीकडे ओढते’ म्हणालं तरी माझा हात पान्याकडे जातो.

पोल पोझिशनचं चाक वेगळ्या जातीचं. 1982 चा, नामकोचा गेम, अमेरिकेत तो अटारीने विकला. त्याच्या चाकाला शेवटच नाही. गरागरा फिरवलं तर फिरतच राहतं. मागे कडेला फटी पाडलेली एक चकती असते आणि शेजारी प्रकाश ओळखणारे दोन डोळे. फट समोरून गेली की एक ठोका. दोघांपैकी आधी कुणाला दिसली त्यावरून डावीकडे की उजवीकडे ते ठरतं. म्हणजे त्या बोर्डाला चाक किती फिरलं ते कळतं, चाक आत्ता कुठे आहे ते त्याच्या गावीही नसतं.

आता पोल पोझिशन आउटरनच्या पेटीत बसवायचा म्हणा. बसतो. मध्ये एक मायक्रोकंट्रोलर, म्हणजे हवं ते काम शिकवता येणारी छोटी चिप, घालून पॉटच्या आकड्यांचे ठोके करता येतात. मी एका मित्राचा बोर्ड आणून, दोन रविवार घालवून, हे केलं होतं. चित्र आलं, आवाज आला, मोटार धावली. मग तो मित्र स्वतः खेळायला उभा राहिला. शाळकरी वयात त्याने त्या गेमवर कितीतरी क्वार्टर, म्हणजे पाव डॉलरची नाणी, उडवलेले. पहिल्याच मोठ्या वळणावर त्याने सवयीने चाक एका तळव्याने भिरकावलं आणि ते टोकाला जाऊन ठक्क करून थांबलं. हात पुढचा अर्धा फेरा घ्यायला निघालेला, चाक अडलेलं. मोटार फलकावर जाऊन आपटली. त्याने माझ्याकडे बघितलं. मी काही न बोलता बोर्ड काढून त्याच्या डब्यात परत ठेवला.

उलटंही तसंच. आउटरनला ते अखंड फिरणारं चाक लावलंत तर सरळ म्हणजे कुठे, हेच हाताला सापडत नाही. आणि आउटरनमध्ये चाकाला इतरही कामं आहेत. डाव सुरू होण्याआधी रेडिओ दिसतो आणि चाक फिरवून तीन गाण्यांतलं एक निवडायचं असतं. रस्ता सोडून गवतात गेलात की उभ्या कॅबिनेटमध्ये एक मोटर चाकाला थरथरवते. तो थरथराट सॉफ्टवेअरमध्ये नाही, लाकडी पेटीत बोल्टने आवळलेला आहे. अटारीचा 1989 चा हार्ड ड्रायव्हिन तर पुढच्याच इयत्तेतला: इग्निशनची किल्ली, क्लच धरून तीन पेडल, चार गिअर आणि हाताला उलटा जोर देणारं चाक. त्या पेटीत शोभतो तो 1990 चा रेस ड्रायव्हिन, त्याचाच पुढचा भाग. दुसरा कुठला गेम तिथे टाकणं म्हणजे अख्ख्या स्वयंपाकघरात फक्त चहा करणं.

‘‘पण जम्मा नावाचं काहीतरी स्टँडर्ड असतं ना?’’ असं एकाने विचारलं होतं. असतं. जपानी उत्पादकांनी 1985 च्या सुमाराला ठरवलेला 56 पिनांचा जोड. एक बोर्ड काढायचा, दुसरा खुपसायचा, झालं. पण त्या 56 पिनांत जॉयस्टिक आणि बटणांची सोय आहे, पॉटची नाही. त्यामुळे मारामारीचे गेम या पेटीतून त्या पेटीत सुखाने फिरले आणि गाड्यांचे गेम ज्याच्या-त्याच्या घराण्यातच राहिले. माझ्याकडे प्रत्येक जोडीसाठी हाताने केलेला वेगळा हार्नेस आहे, म्हणजे वायरींची मोळी, एका टोकाला एका कंपनीचे जोड आणि दुसऱ्या टोकाला दुसरीचे. त्यांना गाठोड्यांत बांधून चिठ्ठ्या लावल्यात. एका चिठ्ठीवर ‘पिवळी वायर खोटं बोलते’ असं लिहिलंय. ते का लिहिलं, हे मला आता आठवत नाही, पण मी ती चिठ्ठी काढायला धजत नाही.

मॉनिटरचंही सांगून टाकते, कारण पीसीवाल्या बाबांना हे ठाऊक नसतं. आउटरनची काचेची जुनी नळी आडव्या रेषा सेकंदाला साधारण 15 हजार 700 या वेगाने काढते, आम्ही 15 किलोहर्ट्झ म्हणतो. डेटोना यूएसए हा दुसरा गाड्यांचा गेम 24 मागतो. पीसीचा साधा व्हीजीए सिग्नल 31 ने बोलतो. काळी एकला मिळवलेला तबला पांढरी सहाच्या गाण्याला घेऊन बसलात तर निदान फक्त ऐकणारे उठून जातील. 15 च्या मॉनिटरला 31 चा सिग्नल दिलात तर चित्र फाटतं, चिरका सूर येतो आणि जास्त वेळ ठेवलंत तर आतला ट्रान्झिस्टर जळतो. शिवाय नळीच्या काचेवर वीसेक हजार व्होल्ट असतात आणि बंद केल्यावरही ते लगेच जात नाहीत. म्हणून आत डोकावणाऱ्या पोरांना मी मागच्या दाराजवळ फिरकू देत नाही.

तर मग माझ्या पेटीत काय लागतं? टर्बो आउटरन, आउटरनचाच पुढचा भाग. आणि त्याची गोष्ट थोडी लांब आहे.

हे कॅबिनेट मी इंडियानातल्या एका गोदामातून आणलं तेव्हा त्याच्या अंगावर आउटरनची चित्रं होती आणि डोक्यावरच्या दिव्याच्या पाटीवर टर्बो आउटरन लिहिलेलं. म्हणजे 1989 नंतर कधीतरी मालकाने किट घेऊन गेम बदलला होता. त्यात पाप काहीच नव्हतं. अख्खी नवी पेटी घेण्यापेक्षा चिपा, पाटी आणि स्टिकर घेणं स्वस्त पडायचं आणि कंपन्या स्वतःच तशी किटं विकायच्या. आमच्याच शहरात मिडवेच्या 1994 च्या क्रूझिन यूएसएचा बोर्ड ज्या घराण्यातला, त्याच घराण्यावर 1996 चा क्रूझिन वर्ल्ड आला. चाक तेच, पेडल तेच, फक्त अ‍ॅक्सिलरेटर दोनदा चटकन दाबला की गाडी कोलांटी मारायला लागली. जुन्या पेटीत नवा गेम घालणं हे छंदवाल्यांनी काढलेलं खूळ नाही, तो धंद्याचा रोजचा व्यवहार होता. माझा राग आहे तो एकाच गोष्टीवर. टर्बो आउटरनला गिअरच्या दांड्यावर एक बटण लागतं. माझ्या पेटीच्या त्या जुन्या मालकाने दांडा न बदलता शेजारच्या पत्र्यात ड्रिलने भोक पाडून तिथे एक लाल बटण ठोकून दिलं होतं, तेही तिरकं. पत्र्याचा तो जखमेसारखा कातरलेला काठ अजून बोटाला लागतो.

बोर्ड मेलेला होता. उघडला तर मुख्य प्रोसेसरच्या जागी जाडजूड काळा ठोकळा. हा एफडी1094, सेगासाठी हिताचीने केलेला 68000 जातीचा प्रोसेसर, पण कुलूपबंद. गेमचा प्रोग्रॅम गुप्त लिपीत आणि तो वाचायची 8 किलोबाइटची किल्ली या ठोकळ्यातल्या मेमरीत, एका बॅटरीच्या जिवावर. बॅटरी संपली की किल्ली पुसली जाते आणि बोर्ड गप्प. नकली बोर्ड निघू नयेत म्हणून केलेली ही व्यवस्था. खरा बोर्ड विकत घेतलेल्यालाही तीच शिक्षा.

तो पुन्हा बोलता झाला याचं श्रेय मी ज्यांच्याकडे तिरक्या नजरेने बघते त्या पीसीवाल्यांना आहे. 1997 पासून चाललेल्या मेम या एम्युलेटरच्या (म्हणजे जुने आर्केड गेम पीसीवर चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) मंडळींनी हे कुलूप उलगडलं. त्यामुळे आता प्रोग्रॅम उघड्या लिपीत नव्या चिपांवर लिहून, काळा ठोकळा काढून, तिथे साधा 68000 बसवता येतो. मी तेच केलं. अर्थात पहिल्या फटक्यात नाही. 68000 एका वेळी 16 बिट वाचतो आणि चिपा 8-8 बिटांच्या, म्हणून त्या जोडीने बसतात: एकीत सम बाइट, दुसरीत विषम. रात्री साडेअकराला मी एका जोडीची अदलाबदल करून ठेवली. स्क्रीनवर रंगीत चौकटींची गोधडी. पाच व्होल्ट तपासले, बोर्डापाशी पुन्हा तपासले (सप्लायपाशी पाच असले तरी वायरीच्या दुसऱ्या टोकाला पाच असतीलच असं नाही), जोड पुसले, शिव्या दिल्या. सकाळी चहा पिताना चिपांवरच्या माझ्याच अक्षरातल्या चिठ्ठ्या वाचल्या आणि कपाळावर हात मारला.

मग मी जुन्या आउटरनचे दोन बोर्डही मिळवले. हा गेम दोन बोर्डांचा असतो, एक प्रोसेसरचा आणि एक चित्रांचा, आणि गेम बदलायचा तर दोन्हींवरच्या चिपा बदलाव्या लागतात. दर वेळी चिपा उपटल्या की त्यांचे पाय वाकतात आणि सॉकेट सैल होतात. काहीजण दुप्पट क्षमतेच्या चिपांवर दोन्ही गेम लिहून सर्वात वरची अ‍ॅड्रेस-पिन एका खटक्याला जोडतात. हुशारी आहे, पण मला अख्खी जोडी बदलणं बरं वाटतं. बोर्डावरचे बारके डिप स्विचही नीट लावावे लागतात, कारण गेमला सांगावं लागतं की तू हलणाऱ्या खुर्चीत नाहीस, उभ्या पेटीत आहेस.

चाक एकच असलं तरी दोन्ही गेमचा स्वभाव एक नाही. आउटरनमध्ये रस्ता फुटत जातो, तुम्ही डावं-उजवं निवडता, 15 टप्प्यांपैकी एका डावात पाचच दिसतात आणि शेवट पाच प्रकारचे. टर्बोत न्यूयॉर्क ते लॉस एंजेलिस असे ठरलेले 16 टप्पे. पाचवा शिकागो. तो आला की पोरं ओरडतात, आणि त्यानंतर सेंट लुई, मेम्फिस, अटलांटा करत गाडी मायामीला जाते तेव्हा कुणीतरी बाबा ‘‘हा कुठला शॉर्टकट?’’ म्हणतातच. मला विचाराल तर टर्बो कमी प्रतीचा आहे. पण भाच्यांचं मत वेगळं आहे आणि बटण दाबल्यावर त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं की माझं मत मी माझ्यापाशी ठेवते.

पीसी वाईट नाही. माझ्या लॅपटॉपवर मेम आहे, पोल पोझिशन मी तिथेच खेळते, माउसवर. माउसलाही शेवट नसतो, त्यामुळे या पेटीच्या चाकापेक्षा तो त्या गेमला जवळचा. सगळे गेम एका ठिकाणी हवे असतील तर शिकागोजवळ ब्रुकफील्डला गॅलपिंग घोस्ट हे आर्केड आहे, शेकड्याने मशिनं, प्रत्येक आपापल्या पेटीत. मुलांना तिथे न्या. फक्त दुपारचं जेवून जा, वेळेचं भान राहत नाही.

सध्या आत जुना आउटरन आहे. पत्र्यातल्या त्या भोकावर मी एक काळी टोपी बसवलीये, बटण काढून खणात ठेवलंय. आरतीला येणार असाल आणि मुलांना टर्बो हवा असेल तर आदल्या दिवशी फोन करा. अदलाबदलीला पाऊण तास लागतो, आणि मोदक वळायच्या दिवशी मला तेवढा मिळत नाही.