हे कापड कुणाचं?

डोंबिवलीतल्या आमच्या महिला मंडळाचं वर्ष भरगच्च असायचं. चैत्रात आंब्याची डाळ आणि पन्हं, श्रावणात मंगळागौरीचे खेळ, आश्विनात भोंडला, कोजागरीला आटवलेलं दूध. पण आम्हा मुलांचं लक्ष लागलेलं असायचं ते डिसेंबरातल्या शेवटच्या रविवारकडे. त्या दिवशी संक्रांतीची भेटकार्डं व्हायची, कापडाच्या तुकड्यांची. जिन्याखालच्या फळ्यावर खडूनं सूचना असायची : ‘रविवारी दुपारी २ वाजता. येताना कात्री, जुनी वर्तमानपत्रे व चिंध्या आणणे.’ बास. ना प्रमुख पाहुणे, ना आभारप्रदर्शन. एरवी मंडळात आभारप्रदर्शनच मूळ कार्यक्रमाहून लांबायचं, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

संक्रांतीला भेटकार्ड कशाला, असं आजच्या मुलांना वाटेल. तेव्हा दिवाळीसारखीच संक्रांतीचीही कार्डं पोस्टात पडायची. दुकानात छोटी, चकचकीत कार्डं मिळायची. वर पतंग, नाहीतर हलव्याचे दागिने घातलेलं बाळ, आणि खाली यमक जुळवलेल्या चार ओळी. आत हलव्याचे मोजके दाणे टाकून पाकीट गावोगावच्या नातेवाइकांना रवाना करायचं. लांबच्या माणसाच्या हातावर तिळगूळ ठेवता येत नाही, त्याची ही सोय. पोस्टाचा शिक्का नेमका त्या दाण्यांवर आपटायचा आणि पलीकडच्याला साखरेचा भुगा मिळायचा. तरी लोक तो भुगा जिभेवर ठेवून ‘हलवा पोचला’ असं उलट टपाली कळवायचे.

मंडळातल्या बायकांना विकतचं कार्ड घेणं जिवावर यायचं. घरोघरी शिवणयंत्र आणि घरोघरी माळ्यावर चिंध्यांचं गाठोडं. त्यातले मोठे तुकडे गोधडीला जायचे, मधले पिशव्यांना, आणि ज्यांचं काहीच होत नाही असे तळहाताएवढे तुकडे तळाशी साठून राहायचे. कार्डाला तेवढेच लागायचे. आमच्या वाडीत ब्लाउज शिवणाऱ्या एक मावशी होत्या, त्या कातरणाची सबंध पिशवी घेऊन यायच्या. सगळ्या पिशव्या सतरंजीवर उपड्या झाल्या की टू बाय टू, रुबिया, पॉपलीन, टेरिकॉट, इरकलीचे काठ, गुळेदगुड्डच्या खणाचे त्रिकोणी कोपरे, कुणाच्या तरी पडद्याचं फुलाफुलांचं केम्ब्रिक, असा ढीग व्हायचा. मग पहिला अर्धा तास कामाला कुणी हातच लावायचं नाही. एकेक तुकडा वर धरून चौकशी सुरू : “हे कापड कुणाचं?”

आणि उत्तरं यायची. “हा माझ्या धाकट्या नणंदेच्या डोहाळजेवणातला.” “अगो, हा तर आमच्या बंड्याच्या मुंजीतल्या झब्ब्याचा!” “ही पैठणी? छे, नुसता काठ पैठणीचा, जरीही खोटी आहे. पण साखरपुड्यात कुणाला कळलं नाही हो!” वाडीतल्या कुठल्या घरात कधी काय शिवलं गेलं, कुणाला बोनस मिळाला, कुणी एकाच ठाणातून चारही मुलांचे कपडे बेतले, हे सगळं त्या ढिगाऱ्यात असायचं. मंडळाच्या इतिवृत्ताच्या वहीत यातलं अक्षरही नाही. तिथे ‘सभा खेळीमेळीत पार पडली’.

एका वर्षी मात्र भलतंच झालं. एका वहिनींनी फार सुरेख जरीकाठाचा तुकडा आणला होता. त्यांच्या सासूबाईही बैठकीला होत्या. त्यांनी तुकडा हातात घेतला, चष्मा वर सारला, उलटा करून जरीची मागची बाजू बघितली आणि शांतपणे विचारलं, “काठ कापलास?” सगळ्यांच्या कात्र्या थांबल्या. साडी मधे विरली होती, काठ तेवढे शाबूत होते, म्हणून ते उतरवून मुलीच्या परकराला लावले आणि उरलेला तुकडा इथे आणला, असं वहिनींनी सांगून पाहिलं. सासूबाई काही बोलल्या नाहीत. मात्र त्या तुकड्याचं कार्ड त्यांनी स्वतः केलं आणि आपल्या सांगलीच्या बहिणीला पाठवलं. ती साडी त्या दोघी बहिणी आलटून पालटून नेसत असत, हे नंतर कळलं.

आता कामाचं. कापड कागदावर चिकटवणं वाटतं तितकं सोपं नाही. आहे तसं कापलं की कडांना दशा सुटतात, आणि पातळ गोंदानं चिकटवलं तर ओल वर उमटते. त्याला उपाय खळीचा. थंड पाण्यात मैदा गुठळी न होता कालवायचा, मंद आचेवर ठेवून पारदर्शक होईपर्यंत ढवळत राहायचं. ती किती दाट हवी, याचं माप स्वयंपाकघरातलंच : पिठल्याइतकी नको, कढीइतकी हवी. नुसत्या खळीला झुरळं आणि कसर लागते म्हणून बुकबाइंडर तिच्यात चिमूटभर मोरचूद घालतात. आमच्याकडे यावर दरवर्षी वाद. एक पक्ष मोरचुदाचा, दुसरा तुरटीचा. मोरचूद विषारी, पोरं हात तोंडात घालतात, असं तुरटीवाल्यांचं म्हणणं. तुरटीनं काही होत नाही, गेल्या वर्षीची कार्डं झुरळांनी खाल्ली, असं मोरचूदवाल्यांचं. शेवटी मोरचूद पडायचाच, आणि साबणानं हात धुतल्याशिवाय आम्हाला तिळाच्या लाडवांच्या डब्याजवळ फिरकू द्यायचे नाहीत.

तुकड्याच्या मागच्या बाजूला खळीचा पातळ हात द्यायचा, वर्तमानपत्रावर उन्हात वाळवायचा आणि मग इस्त्री. असं कडक झालेलं कापड कागदासारखं कापता येतं. फेविकॉलची बाटली आल्यावर बऱ्याच जणींनी खळ सोडली. मला विचाराल तर फेविकॉल घट्ट धरतो खरा, पण त्यानं कापड पुठ्ठ्यासारखं होतं. खळीवर लावलेल्या खणाची वीण बोटाला लागते.

कापण्याचीही रीत होती. पतंग सगळ्यांनाच करायचा असायचा. नव्यानं आलेली मुलगी कापड सरळ पसरून त्यावर टोक वर असलेला पतंग आखायची. तसा कापला की चारही कडा उरेबावर, म्हणजे धाग्याला तिरक्या येतात, ओढल्या की ताणतात, आणि चिकटवताना पतंग लंबुळका होतो. शिवणाच्या बाई तिचा हात धरायच्या. “आधी चौकोन काप. उभा धागा ओढून घे, त्या रेषेवर कात्री चालव. मग तो चौकोन फिरवून टोकावर उभा कर.” कापड तेच, कात्री तीच, पण पतंग असा काही ताठ बसायचा! सुगडं मात्र खणाचीच. खणातली बारीक नक्षी सुगडाच्या अंगावर आपोआप येते, वेगळं काही रंगवावं लागत नाही. इरकलीच्या लाल पदरातले पांढरे देवळाच्या शिखरासारखे नमुने मिळाले तर त्यांची सबंध ओळ कार्डाच्या खालच्या कडेला लावायची.

आणि मागे सगळ्याला काळं. संक्रांतीच्या कार्डाची जमीन काळीच हवी, यावर मात्र मोरचूदवाले आणि तुरटीवाले एक व्हायचे. वर्षभर सणावाराला जो रंग चालत नाही, तो या एकाच दिवशी मिरवायचा. थंडीत काळा रंग ऊब धरतो, म्हणून तर चंद्रकळा. जुन्या सुती चंद्रकळेचा रंग खळीच्या ओलीनं सुटायचा आणि कागद करडा व्हायचा, म्हणून आठवडाभर आधी तुकडे मिठाच्या पाण्यात भिजवून, खळखळून धुऊन आणायचे. काळ्यावर पांढरे तीळ चिकटवले की चांदण्या. शिवाय पोस्टात तीळ ठेचले गेले, तरी त्यांच्या तेलाचा डाग काळ्यावर दिसत नाही. हे शहाणपण कुणाचं माहीत नाही, पण बायकांचं नक्की.

चंद्रकळेचे सगळ्यात चांगले तुकडे आणायच्या तळमजल्यावरच्या काकू. खळ शिजवणं हे काम त्यांचंच. दुसऱ्या कुणाला पळी हातात देत नसत. काका जाऊन बरीच वर्षं झाली होती. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत मंडळात आणि घरोघरी हळदीकुंकवं चालायची, तिथे त्या कधी दिसायच्या नाहीत. बोलावणंच नसायचं, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे, किंवा वाटलं तरी कुणी बोलत नसे. कार्डांच्या रविवारी मात्र त्या दीड वाजताच हजर, आणि आपल्या काळ्या साड्या कापून वाटायला पुढे. मला हळदीकुंकवापेक्षा ही बैठक आवडायची ती काही फक्त लाडवांमुळे नाही. पुढे नव्वदीच्या शेवटाला मंडळात तरुण सुना आल्या आणि त्यांनी हळदीकुंकवाच्या निमंत्रणातला ‘सौभाग्यवती’ हा शब्द गाळून टाकला. तोपर्यंत काकू मुलाकडे नागपूरला गेल्या होत्या. त्यांना कार्ड मात्र जात राहिलं.

दोन-तीन घरांतली पुरुषमाणसं तेव्हा लोकलनं परळ-लालबागच्या गिरण्यांत जायची. गिरणीच्या दुकानात वजनावर मिळणारे पॉपलीनचे, चादरीच्या कापडाचे तुकडे त्या घरांतून यायचे. नवे, कोरे, काठावर गिरणीचा शिक्का असलेले. संक्रांत झाली आणि चारच दिवसांनी, १८ जानेवारी १९८२ ला, डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. पुढच्या डिसेंबरात त्या घरांतल्या बायका बैठकीला आल्या, पण पिशवीत कोरं कापड नव्हतं. मुलांचे विटलेले युनिफॉर्म होते. त्या वेळी कुणीही ‘हे कापड कुणाचं’ असं विचारलं नाही. खाकी आणि निळ्या तुकड्यांचे पतंग झाले. काळ्यावर खाकी उठून दिसते, असं शिवणाच्या बाई पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या आणि दिसतही होती. संप मागे घेतला गेलाच नाही, गिरण्याच एकेक करून बंद पडल्या. त्यांतलं एक घर आपल्या गावी, चिपळूणकडे परतलं. दुसऱ्या घरातल्या वहिनींनी पोळीभाजीचे डबे सुरू केले, आणि डबे पोचवून दुपारी तीनला का होईना, त्या यायच्या.

कार्ड झालं की आतला मजकूर आम्हा मुलांकडे. ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ हे ठरलेलं, पण ज्याचं अक्षर बरं त्यानंच लिहायचं, त्यामुळे मुलग्यांना बहुतेक वेळा तीळ मोजून द्यायचं काम. पाकिटं बदामी कागदाची, घरीच दुमडलेली. तोंड चिकटवायचं नाही, आत खोचायचं. उघड्या पाकिटाला बुक पोस्टचा दर लागायचा, तिकिटाचे पैसे वाचायचे. पण कापडाचं कार्ड वजनाला दगा द्यायचं. खण, काळं कापड, खाली पुठ्ठा, वर तीळ म्हणजे ठरल्या वजनाच्या पुढे गेलंच. तिकीट कमी पडलं तर पलीकडच्याला दंड भरून पाकीट सोडवावं लागायचं, आणि संक्रांतीचा गोडवा तिथेच संपायचा. म्हणून किराणावाल्याकडच्या छोट्या तराजूवर पाकिटं तोलून आणायची, आणि जास्त भरलं त्याचे चार तीळ काढायचे. तिळानं काय फरक पडणार! पण काढल्याचं समाधान.

आमच्या नाशिकच्या मावशीचं उत्तर दरवर्षी ठरलेलं. कार्ड छान झालंय, वगैरे ती कधी लिहायची नाही. पोस्टकार्डावर पहिलीच ओळ असायची, ‘सुगडाचा खण तुझ्या हिरव्या ब्लाउजचा, ओळखला. पतंगाचं पिवळं कापड कुणाचं?’ आईला मग ते पिवळं कुणाचं होतं हे शोधायला दोन मजले चढावे-उतरावे लागायचे, आणि त्या निमित्तानं दोन कप चहा. एका कार्डात मंडळाच्या एका बाईंनी दुकानातून विकत आणलेलं सॅटीन लावलं होतं. दिसायला ते सगळ्यांत देखणं. पण त्याच्याबद्दल कुणाला काही विचारताच येईना. मावशीनं त्यावर लिहिलं, ‘छान आहे.’ आईनं ते पत्र वाचून नाक मुरडलं.

नव्वदीत स्टेशनजवळ चकचकीत कार्डांची दुकानं आली, मग मोबाइल आले, आणि संक्रांतीच्या शुभेच्छा फुकटात आदल्या रात्रीच येऊन पडू लागल्या. बैठकीला येणाऱ्या कमी झाल्या. काही वर्षं ती झालीच नाही. वाडी पाडून टॉवर झाला, मंडळाची खोली गेली, आता सोसायटीच्या हॉलची वेळ आधी घ्यावी लागते. अलीकडे पुन्हा सुरू झालंय, ते मुलींच्या हट्टामुळे. आता त्याला कार्यशाळा म्हणतात, ग्रुपवर पोस्टर येतं, आणि कापडाचे ‘किट’ मागवायचे का असं एकीनं विचारलं होतं. शिवणाच्या बाई आता ऐंशीच्या पुढे आहेत. खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाल्या, “किट मागवा, पण मग मला बोलावू नका.”

किट आले नाहीत. यंदा एका कॉलेजातल्या मुलीनं वडिलांच्या फाटक्या जीन्सचे तुकडे आणले होते. त्याला खळ पुरेना, कडक होईना, कात्री चालेना. दोन पक्ष लगेच पडले : जीन्स ही संक्रांतीच्या कार्डाला शोभते का, आणि शोभली तरी चिकटणार कशी. बाईंनी तुकडा मागून घेतला, बोटांनी चोळून बघितला आणि निर्णय दिला. “हे चिकटवायचं नाही, टाचायचं. चांभारी सुई आण. आणि खिसा आहे का त्याला? असेल तर आख्खा लाव, त्यात हलवा घालता येईल.” पोस्टानं ते जाणार नव्हतंच, इतकं जड. मुलगी म्हणाली, बाबांनाच देणार आहे. त्यांनी अजून विचारलेलं नाही की त्यांची पँट कुठे गेली.