तुम्ही विचारलंत म्हणून: त्या साबणावर लक्ष ठेवा

कपाटातली जेम्स जॉइसची ती जाडजूड कादंबरी, 'युलिसिस', दिसली की हमखास प्रश्न येतो, "हे खरंच पूर्ण वाचलंय की नुसतं दाखवायला?" आणि पाठोपाठ जरा हळू आवाजात, "मी पण घेतलं होतं हो, पण पुढे सरकेचना. कसं वाचायचं हे?" तर वाचलंय. दोनदा मधेच सोडून तिसऱ्या खेपेला, आणि त्यातही चौदाव्या प्रकरणाची बरीच पानं मी नुसती उलटलीत, हे आधीच कबूल करून टाकते.

दोन्ही वेळा माझी गाडी तिसऱ्या प्रकरणात अडकली. स्टीफन नावाचा भयंकर हुशार आणि स्वतःच्या हुशारीलाच वैतागलेला तरुण समुद्रकिनाऱ्यावर चालतोय, डोक्यात ॲरिस्टॉटल, मधेच लॅटिन, मधेच फ्रेंच, आणि मी शेजारी टिपांचं पुस्तक उघडून बसलेली, एका ओळीला दोन टिपा, एका पानाला अर्धा तास, म्हणजे वाचन कसलं, परीक्षेचा अभ्यासच तो.

तिसऱ्यांदा सरळ चौथ्या प्रकरणापासून सुरू केलं. चालतं ते, कारण तिथे घड्याळ परत सकाळच्या आठवर येतं. तोच दिवस, १६ जून १९०४, तेच डब्लिन, फक्त आता आपण लिओपोल्ड ब्लूमच्या स्वयंपाकघरात असतो. वय ३८, पेपरसाठी जाहिराती मिळवत फिरायचं काम. बायकोच्या नाश्त्याचा ट्रे लावतोय आणि मांजराशी गप्पा मारतोय, आणि त्या मांजराचं म्याव दर वेळी वेगळ्या स्पेलिंगने लिहिलंय! मला हसू आलं. या पुस्तकात हसायचं असतं हे तोवर कोणी सांगितलंच नव्हतं.

मग पाचव्या प्रकरणात तो केमिस्टकडून लिंबाच्या वासाचा साबण घेतो, पैसे नंतर देतो म्हणतो आणि निघतो. मी काही फार लक्ष दिलं नाही. सहाव्यात एका ओळखीच्याच्या अंत्ययात्रेला घोडागाडीतून जाताना तो साबण मागच्या खिशात टोचतोय, पण चारचौघांत काढायचा कसा. त्याच गाडीतून बाकीच्यांना रस्त्यावर बॉयलन दिसतो, ते त्याला सलाम करतात, आणि ब्लूम काय करतो, तर आधी डाव्या हाताची नखं बघतो, मग उजव्या हाताची. बस.  बॉयलन आज दुपारी चारला त्याच्या बायकोला भेटायला घरी जाणारे आणि हे ब्लूमला माहितीये.

आठव्यात तोच बॉयलन अचानक समोरून येताना दिसतो. ब्लूम घाबरून म्युझियमच्या गेटकडे वळतो आणि काहीतरी शोधतोय असं दाखवत एकेक खिसा चाचपतो, वाक्यं तुटून दोन-दोन शब्दांवर आलेली, आणि हाताला लागतो साबण. तिथे माझी ट्यूब पेटली. निदान ब्लूमच्या डोक्यातली ती अर्धवट वाक्यं विद्वत्ता दाखवायला नाहीयेत, या माणसाला चार वाजण्याचा विचार करायचा नाहीये, म्हणून विचार तिथपर्यंत आला की तो तोडतो आणि दुसरीकडे उडी मारतो. आपणही हेच करतो की, नको तो फोन येणार असला की पंखा पुसायला घेतो. आधी कळत नव्हतं ते बरंचसं मग आपोआप कळायला लागलं, आणि जे नाही कळलं ते सोडून दिलं. दफनविधीला आलेला तो रेनकोटवाला माणूस कोण, हे ब्लूमलाही रात्रीपर्यंत उमगत नाही, मग मीच कशाला झुरू.

बाकी युक्त्या फार नाहीत. अकरावं प्रकरण मोठ्याने वाचा, सुरुवातीचे ते निरर्थक वाटणारे तुकडे पुढे एकेक करून परत येतात, ते कानाला आधी कळतं. आणि एक पद्धत जमली म्हणून खूश होऊ नका, सातव्यात पेपरसारखे मथळे, पंधरावं सगळं नाटकासारखं (त्यात साबण चक्क बोलतो), अठरावं म्हणजे बायकोचं स्वगत, आठच वाक्यं आणि विरामचिन्हं जवळपास नाहीतच. जॉइसला हे लिहायला सात वर्षं लागली, आपण एका सुट्टीत संपवायला बघतो.

सतरावं मात्र माझं सगळ्यात लाडकं. सगळं प्रश्नोत्तरांत, एखाद्या पंचनाम्यासारखं कोरडं. मध्यरात्र उलटून गेलीये, ब्लूम घरी आलाय, चुलीवर किटली ठेवून हात धुवायला परत नळाशी जातो. कशाने धुतो, तर त्याच साबणाने, कागद अजून चिकटलेला, आणि पुस्तक इमानदारीत नोंद करतं की हा तेरा तासांपूर्वी चार पेन्सला घेतलेला, पैसे अजून दिलेले नाहीत.