खडकीला जेवण घेऊन जाताना

आषाढातला शनिवार होता. ना पंधरा ऑगस्ट, ना राखी, ना दिवाळी. आम्ही मुद्दाम असा रिकामा दिवस धरला होता. पुण्यातल्या खडकीच्या पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटरला जायची आमची ही तिसरी खेप. पहिल्या खेपेला आम्ही दिवाळीत फराळ घेऊन गेलो होतो, तेव्हा आमच्याआधी दोन शाळा आणि एक मंडळ येऊन गेलं होतं. लाडवांचे डबे कोपऱ्यात एकावर एक रचलेले होते. एका जवानाने प्रेमाने सांगितलं, "ताई, या दिवसांत खूप माणसं येतात. नंतर महिनाभर कुणी नसतं." तेव्हापासून सणाच्या दिवशी आम्ही जात नाही.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगते. 1971 च्या युद्धानंतर, 1974 मध्ये हे केंद्र सुरू झालं. मणक्याला इजा होऊन कमरेखालचा किंवा मानेखालचा भाग लुळा पडलेले जवान इथे राहतात. सगळेच लढाईत जखमी झालेले नाहीत. कुणी डोंगरातल्या रस्त्यावर गाडीसकट खाली गेलेला असतो, कुणी सरावात पडलेला, कुणी सुट्टीवर असताना अपघातात सापडलेला. म्हणून "कोणत्या लढाईत लागलं?" हा प्रश्न आपण विचारू नये. सांगायचं असेल तर ते स्वतः सांगतात, आणि बऱ्याचदा तिसऱ्या भेटीत सांगतात.

आम्ही नऊ जण होतो. पातेली आणि डबे घेऊन चौघे गाडीने गेले, बाकीचे मेट्रोने. आता मेट्रोचं खडकी स्थानक सुरू झालंय, आणि लोणावळ्याच्या लोकलही खडकीला थांबतात. तिथून पुढे रिक्षा. छावणीचा भाग आहे, तेव्हा प्रत्येकाजवळ ओळखपत्र हवं. आधी फोन करून दिवस, वेळ आणि किती जण येणार ते ठरवून घ्या. आयत्या वेळी दहाचे पंधरा करू नका. पंधरा पाहुणे खोलीत शिरले की तिथल्या माणसाला स्वतःच्याच घरात उभं राहायला जागा नसल्यासारखं होतं. फोटोचं तर विचारल्याशिवाय काहीच नाही. आम्ही मोबाइल पिशवीत टाकून ठेवतो, त्याने गप्पाही बऱ्या होतात.

आता जेवणाचं. यातच आम्ही सगळ्यात जास्त शिकलो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिल्यांदा जेवण नेलं तेव्हा आमच्यातल्या एकीने गरम आमटीभाताचं स्टीलचं ताट एका दादांच्या मांडीवर ठेवलं. घरी आपण पाटावर बसलेल्या माणसाच्या हातात ताट देतो ना, तितक्याच सहजपणे. पलीकडून तिथला एक सेवक झटकन आला आणि ताट उचललं. दादांच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नव्हतं, कारण त्यांना काही जाणवलंच नव्हतं. मणक्याच्या इजेखाली स्पर्श नाही, चटका नाही, दुखणं नाही. पण कातडी भाजते ती भाजतेच, आणि तिथली जखम भरायला आठवडेच्या आठवडे लागू शकतात. तेवढे दिवस माणूस खुर्चीवर बसू शकत नाही, अंथरुणाला खिळतो. त्या दिवशी सुदैवाने काही झालं नाही. तेव्हापासून आम्ही लाकडी ट्रे नेतो, चहा कोमट करून देतो आणि गरम भांडं फक्त टेबलावर ठेवतो. या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

दुसरी गोष्ट पकडीची. इथली मंडळी आपली इजा मणक्याच्या आकड्यात सांगतात. कुणी म्हणतो "मी डी-टेन", म्हणजे पाठीचा दहावा मणका, कुणी म्हणतो "सी-सिक्स", म्हणजे मानेचा सहावा. डी-टेनवाल्याचे हात धडधाकट असतात, तो आपल्यापेक्षा जोरात पंजा लढवील. सी-सिक्सवाल्याला मनगट उचलता येतं, पण बोटं मिटत नाहीत. त्याच्या तळहाताला पट्टा बांधतात आणि पट्ट्यात चमचा खोचतात. अशा हातांनी पातळ रस्सा खाणं म्हणजे अर्धा अंगावर सांडणं. आम्ही आता घट्ट वरण, मऊ भात, मटकीची उसळ आणि भाजी भरून गुंडाळलेल्या पोळ्या करतो. ताटलीऐवजी खोलगट, उंच काठाचे वाडगे. उसळ आणि पालेभाजी यासाठीही बऱ्या की पोट साफ राहणं हा या माणसांच्या दिवसातला मोठा विषय असतो. आतड्यांवर ताबा नसल्यामुळे त्यांची वेळ ठरलेली असते, आणि आपल्या मसालेदार, तेलकट मेजवानीने ती सगळी घडी विस्कटते. तीच गोष्ट ताकाची आणि पाण्याची. लघवीसाठी नळी आणि तिच्या वेळा सांभाळून ते मोजून पितात. "अजून एक पेला घ्या ना" असा आग्रह करू नका. आपल्याकडे आग्रह म्हणजे माया, पण इथे "बस" म्हटलं की बस.

कुणाला मधुमेह आहे, कुणाचं पथ्य आहे, ते फोनवरच विचारून घ्या. आकडाही विचारा. दुसऱ्या खेपेला आम्ही दुप्पट अन्न नेलं होतं, उरलेलं परत आणताना जीव हळहळला. पावसाळ्यात ओल्या नारळाची चटणी टाळाच. शिजवल्यापासून दोन तासांच्या आत पानात पडेल असं गणित बसवा.

वाढून झालं की आमच्यातले निम्मे जण आधी सवयीने उभे राहायचे, वाढप्यासारखे. आता आम्ही स्टुलावर नाहीतर जमिनीवर बसतो, म्हणजे नजर समोरासमोर येते. वर मान करून तासभर बोलायला कुणालाच आवडत नाही. खुर्चीच्या पाठीवर हात टेकून उभं राहू नका. ती खुर्ची म्हणजे त्यांच्या अंगाचाच भाग आहे. न विचारता ती ढकलूही नका, आणि पावसात ओल्या उतारावर तर मुळीच नाही.

एक बारीकशी गोष्ट. बोलता बोलता समोरचा माणूस अचानक दोन्ही हात खुर्चीच्या चाकांवर रोवून स्वतःला वर उचलतो, काही क्षण तसाच राहतो आणि पुन्हा खाली बसतो. पहिल्यांदा मला वाटलं, यांना कंटाळा आलाय, निघायचंय. मी उठलेही. ते म्हणाले, "बसा ताई, हे आमचं चालूच असतं." एकाच जागी फार वेळ भार पडला की तिथलं रक्त थांबतं आणि कातडी सडायला लागते. कळ येत नाही, म्हणून आठवण ठेवून दर पंधरावीस मिनिटांनी भार हलवावा लागतो. आता ते वर उचलले गेले की मी वाक्य तोडत नाही, नुसती बोलत राहते.

बोलायचं काय, हा प्रश्न प्रत्येक नव्या माणसाला पडतो. यंदा आमच्याबरोबर पहिल्यांदा आलेल्या एका काकूंनी बरंच पाठ करून आणलं होतं. तुमचे उपकार, देशाची सेवा, वगैरे. त्या मनापासून बोलत होत्या, डोळ्यांत पाणी होतं. समोरच्या हवालदारांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमच्याकडे पाऊस कसा आहे? आमच्या साताऱ्याकडे पेरण्या झाल्या का कळत नाही." काकूंचं माहेर वाईचं. मग पुढचा पाऊण तास भुईमूग, घेवडा आणि धोमच्या धरणातलं पाणी. निघताना काकू मला म्हणाल्या, मी उगाच घाबरत होते.

धीर द्यायला म्हणून आपण जातो, पण "सगळं ठीक होईल" असं म्हणू नका. मज्जारज्जू तुटला की तो पुन्हा जुळत नाही, हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं. त्यापेक्षा ते काय करतायत ते बघा. इथे तोंडात ब्रश धरून चित्रं काढणारे आहेत. त्यांच्या शेजारी बसून रंग कसा कालवतात ते पाहिलं, तर वेळ कुठे गेला कळत नाही. चित्र आवडलं तर किंमत विचारा, रीतसर विकत घ्या. कौतुक करून तसंच निघून येण्यापेक्षा चित्रकाराला ते जास्त आवडतं. व्हीलचेअर बास्केटबॉलचे खेळाडू आहेत. आणि मुरलीकांत पेटकरांचं नाव निघालं की सगळ्यांचे चेहरे खुलतात. सांगली जिल्ह्यातला हा जवान, 1965 च्या युद्धात गोळ्या लागल्या, आणि 1972 मध्ये हायडलबर्गला पन्नास मीटर फ्रीस्टाइल 37.33 सेकंदांत पोहून त्यांनी भारताला पॅरालिम्पिकमधलं पहिलं सुवर्णपदक मिळवून दिलं. पद्मश्री मिळायला 2018 उजाडलं. अलीकडचं नाव होकाटो सेमा यांचं. भूसुरुंगात पाय गेलेला नागालँडचा हा जवान 2024 च्या पॅरिसमध्ये गोळाफेकीत कांस्यपदक घेऊन आला. एका तरुण मुलाने हे मला सांगितलं, तेव्हा त्याला इजा होऊन वर्षही झालं नव्हतं. इतका वेळ तो भिंतीकडे तोंड करून होता. मी फक्त "गोळाफेक बसून करतात का?" एवढंच विचारलं होतं.

सगळे असे बोलतीलच असं नाही. कुणी पांघरूण ओढून घेतं. तेव्हा वाडगा टेबलावर ठेवायचा, "जेवण इथे ठेवलंय" म्हणायचं आणि पुढे जायचं. वाईट वाटून घेऊ नका. घरी आपल्यालाही काही दिवस पाहुणे नको असतात.

मुलांना न्यावं का, असं बरेच जण विचारतात. मी म्हणते न्या, पण दोनतीनच, आणि आधी घरी नीट समजावून. सर्दीखोकला असेल तर मूल असो की मोठं माणूस, कुणीच जाऊ नका. मानेच्या इजेत जोरात खोकून कफ काढायची ताकद उरत नाही. आपला साधा खोकला तिथे न्यूमोनिया होऊ शकतो.

जेवणाव्यतिरिक्त काय न्यावं? संस्था देणग्यांवरही चालते, तेव्हा वस्तू नेण्याआधी काय हवंय ते विचारा. नाहीतर चादरींचा ढीग होतो. आम्हाला यंदा एक यादी मिळाली होती, तिच्यात बुद्धिबळाचे दोन पट होते, जड सोंगट्यांचे. हलक्या सोंगट्या बोटांची पकड नसलेल्या हाताने ढकलताना कोलमडतात.

त्या पटावर मी गढवालच्या एका सी-फाइव साहेबांबरोबर खेळायला बसले. ते घर सांगायचे, सोंगटी मी हलवायची, त्यांचीही आणि माझीही. अडीच वाजता सेवक आला, त्यांना कुशीवर वळवायची वेळ झाली होती. माझा वजीर अडकलेला, त्यांचा घोडा अगदी मोक्याच्या घरात. "पट मत उठाना," ते म्हणाले. पण टेबल जेवणाचं होतं, रिकामं करणं भाग होतं. मी पर्समधल्या वहीत चौकटी आखल्या, एकेक सोंगटी लिहून घेतली आणि त्यांना वाचून दाखवली. एका प्याद्याचं घर मी चुकले होते, ते त्यांनी दुरुस्त केलं. मग विचारलं, "अगली बार कब?"

श्रावणातला दुसरा शनिवार ठरला आहे. मटकी शुक्रवारी सकाळीच भिजत घालायची आहे, म्हणजे रात्रभरात मोड येतील, आणि वही पर्समध्येच आहे.