एवढं मोठं मशीन कशाला, वैनी?

बेळगाव जिल्ह्यातल्या जांबोटीच्या वाटेवर आमची आंब्या-काजूची बाग आहे. तिथं कुणीही आलं, की चहा उकळेपर्यंत दोन प्रश्न ठरलेले. पहिला उघड विचारतात, "आम्हीपण बसून चालवायचं गवताचं मशीन घ्यायचं म्हणतोय, कुठलं घेऊ सांगा की." दुसरा घुटमळत येतो, बहुधा निघताना चपला घालता घालता. "पण वैनी, एवढं मोठं मशीन तुम्हाला कशाला ओ?" सगळेच विचारतात म्हणून दोन्हींचं उत्तर एकदाच सविस्तर लिहून टाकते. पहिल्याचं उत्तर द्यायला सोपं आहे, दुसऱ्याचं मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

आधी पाऊस बघा. मलप्रभा उगम पावते त्या कणकुंबीला घाटमाथ्याचा धो धो पाऊस. तिथून खानापूर, बेळगाव करत पूर्वेला जाल तसा तो कमी कमी होत जातो आणि बैलहोंगल-सौंदत्तीच्या काळ्या रानात तर ढगांची वाटच बघावी लागते. आमच्या तांबड्या मातीत मृगाचा पाऊस झाला की पंधरवड्यात बांध दिसेनासे होतात, आणि गणपतीत बागेत पाय टाकायचा तर काठी आपटत जावं लागतं. दिवाळीनंतर मात्र गवत पिवळं पडतं, वाढ थांबते. म्हणजे हे मशीन आपल्याकडे चार-पाच महिने राबणार आणि बाकीचे दिवस शेडमध्ये उभं राहणार. विकत घेण्याआधी हे मनात पक्कं धरा, कारण पुढचे निम्मे त्रास या उभं राहण्यातून येतात.

मग क्षेत्र. बसून चालवायच्या साध्या मशीनचा डेक, म्हणजे खालचा पात्यांचा डबा, साधारण ४२ इंचांचा असतो. दोन पट्टे एकमेकांवर थोडे चढवत कापलं तर एका फेरीत मीटरभर रुंदी निघते. माणूस भरभर चालतो त्या वेगानं, ताशी ५ किलोमीटरनं, एक एकर सपाट हिरवळ वळणं धरून तासाभरात होते. तेच २१ इंची ढकलायच्या मशीननं करायचं तर तीन तास चालणं आलं. दहा गुंठ्यांना मात्र ढकलायचं मशीनही पाऊण-एक तासात पुरं पडतं. म्हणून वीस गुंठ्यांच्या आतली हिरवळ असेल तर मी बसायच्या मशीनचा सल्ला देत नाही. त्याची किंमत छोट्या ट्रॅक्टरच्या आसपास जाते आणि वीस गुंठ्यांत ती वसूल होत नाही.

आणि हिरवळ म्हणजे हिरवळ. गुडघाभर वाढलेलं रानगवत, करवंदाची पोरं, काजूची फुटवं यांच्यावर हे मशीन घालू नका. त्याचं काम वाढलेल्या गवताचा वरचा एक तृतीयांश भाग कापायचं. त्याहून जास्त एकदम कापलं तर गवताची मुळं दमतात आणि मशीनही. बागेतल्या रानगवताला छोट्या ट्रॅक्टरमागे स्लॅशर, म्हणजे रानगवत झोडपणारं पात्यांचं अवजार, लावावा. ट्रॅक्टरच्या पीटीओवर, म्हणजे मागच्या अवजाराला ताकद देणाऱ्या फिरत्या दांड्यावर, मिनिटाला ५४० फेऱ्यांवर तो चालतो आणि बोटभर जाडीची काटकीही कापतो. आमच्याकडे दोन्ही आहेत. घरासमोरच्या आणि पाहुण्यांच्या खोल्यांपुढच्या हिरवळीला मोवर, म्हणजे हे बसून चालवायचं मशीन, कलमांच्या ओळींमध्ये चोवीस एचपीचा चारही चाकं ओढणारा बुटका ट्रॅक्टर. एकच घेण्याइतके पैसे असतील आणि बाग असेल, तर डोळे झाकून ट्रॅक्टर घ्या. त्याला माती भुसभुशीत करणारा रोटर जोडता येतो, ट्रॉली जोडता येते, फवारणीचा पंप जोडता येतो, तो बारा महिने काम शोधतो.

आता उतार. माणसं एचपी विचारतात, रंग विचारतात, उताराचं कुणी विचारत नाही, आणि जीव जातो तो उतारावर. एक सहा फुटी फळी घ्या. चढाच्या बाजूचं टोक जमिनीवर टेकवा, फळीवर पाणसळ ठेवा, फळी सपाट होईपर्यंत खालचं टोक उचला आणि त्या टोकाखालचं अंतर मोजा. फूटभर भरलं तर उतार दहा अंशांच्या जवळ आला. सुक्यात हे मशीन इथवर सावकाश चालवता येतं. पंधरा अंशांच्या पुढं अशा साध्या मशीनला बहुतेक कंपन्यांचं पुस्तक परवानगी देत नाही. पावसाळ्यात आमची तांबडी माती साबणासारखी होते, तेव्हा मी दहालाही जात नाही. चढ-उतार करायचा तो सरळ वर आणि सरळ खाली, आडवं कधीच जायचं नाही.

दोन दांड्यांचं, जागच्या जागी गिरकी घेणारं झीरो टर्न मशीन दिसायला फार देखणं. त्याच्या मागच्या प्रत्येक चाकाला वेगळा हायड्रॉलिक पंप असतो, पुढची चाकं मोकळी फिरतात. सपाट मैदानावर, झाडांच्या आळ्यांभोवती त्याच्याइतकं चपळ काही नाही. पण वळणं आणि थांबणं दोन्ही त्या मागच्या दोन चाकांवरच आहे. ओल्या उतारावर ती घसरली की तुमच्या हातात काहीच राहत नाही. खानापूर तालुक्यातल्या चढाच्या जमिनीला ते नको. शाळेच्या किंवा मंगल कार्यालयाच्या सपाट मैदानाला जरूर घ्या, आणि डोक्यामागची लोखंडी कमान व सीटबेल्ट असलेलंच घ्या.

पात्याबद्दल थोडं सविस्तर सांगू द्या. पात्याच्या टोकाचा वेग मिनिटाला १९,००० फुटांवर जाऊ नये असं अमेरिकेतलं मानक आहे, म्हणजे ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या जवळपास. आमच्याकडे हिरवळीत जांभ्याचे खडे वर येतात, पाऊस त्यांना उघडे पाडतो. तसा एक खडा पात्याखाली आला तर बंदुकीच्या गोळीच्या आवेशानं डेकच्या बाजूच्या, गवत बाहेर फेकणाऱ्या तोंडातून सुटतो. म्हणून कापायच्या आधी घमेलं घेऊन एक फेरी पायी मारायची, पोरांना आणि कुत्र्याला आत ठेवायचं. त्या बाजूच्या तोंडावरचं प्लॅस्टिकचं झाकण गवत अडकतं म्हणून काढून फेकणारी माणसं आहेत, आणि सीटखालचं बटण वायर जोडून बंद पाडणारे मेकॅनिकही आहेत. ते बटण माणूस सीटवरून उठला की इंजिन बंद करतं. माझ्यासारख्या हलक्या वजनाच्या बाईला खड्ड्यात मशीन उसळलं की त्या बटणामुळे इंजिन मध्येच बंद पडतं, चीड येते हे खरं. काही मशीनमध्ये सीटखालच्या स्प्रिंगा वजनाप्रमाणे सरकवता येतात. त्या सरकवून घ्या. बटणाला हात लावू देऊ नका.

उभं राहण्याचा त्रास म्हणाले तो पेट्रोलचा आणि गंजाचा. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, त्यातलं काही आपल्याच भागातल्या उसातून निघतं. ते हवेतलं पाणी ओढतं. टाकीत तसंच सात-आठ महिने राहिलं तर कार्बोरेटर चिकटतो आणि मृगाच्या तोंडावर मशीन सुरूच होत नाही. दिवाळीनंतरच्या शेवटच्या कापणीला टाकी रिकामी करायची, कार्बोरेटरमधलं उरलंसुरलं संपेपर्यंत इंजिन चालू ठेवायचं. डेकच्या आत ओलं गवत आणि तांबडा चिखल मिळून बोटभर जाड थर बसतो. दर कापणीनंतर आधी स्पार्क प्लगची वायर काढायची, मगच लाकडी पट्टीनं तो खरवडायचा. एका पावसाळ्यात दुर्लक्ष झालं तर पत्रा पापडासारखा होतो. जुनं मशीन बघायला गेलात तर बॉनेटचा चकचकाट बघू नका, खाली वाकून डेकच्या आत टॉर्च मारा आणि पातं हातमोजा घालून वर-खाली हलवा. खडखडलं तर बेअरिंग गेलं. त्याची भीती नाही, बेअरिंगावर नंबर असतो आणि त्या नंबरचं बेअरिंग बेळगावात मिळतं, पात्याचा दांडा झिजला असेल तर तिथल्याच उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथवर नवा करून देणारे कारागीर आहेत. पाती फिरवणारा पट्टा, म्हणजे बेल्ट, मात्र त्या मशीनचाच लागतो. तो कुठून आणि किती दिवसांत येईल हे विकणाऱ्याला आधी विचारा, आणि एक जादाचा घेऊनच घरी या.

शेजारचे गवळी दरवर्षी म्हणतात, एवढं गवत वाया घालवताय, आमच्या म्हशींना द्या की. त्यांचं म्हणणं मोलाचं आहे, पण मोवरचं गवत वैरण नव्हे. ते बारीक तुकडे ढिगात काही तासांत तापतात, आंबतात, जनावराचं पोट बिघडतं. म्हणून खालचं अर्धं रान आम्ही मशीनला देतच नाही. तिथलं गवत विळ्यानं कापून भारे बांधून त्यांनाच जातं.

आता दुसरा प्रश्न. मला एवढं मोठं मशीन कशाला?

आपल्या भागात यंत्राची हौस कुणाला नाही ते सांगा. चिकोडी-रायबागकडे गळीत हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर बघा, गोंडे, झालरी, नावं, दिवे, रात्री तर देवाची पालखी निघाल्यासारखे दिसतात. कर्नाटकी बेंदराला बैल रंगवतात, ज्यांच्या दावणीला बैल उरले नाहीत ते ट्रॅक्टर धुऊन त्याला हार घालतात. खंडेनवमीला उद्यमबागेतल्या लेथपासून घरच्या विळीपर्यंत सगळ्यांना हळदकुंकू लागतं. ज्याच्या जिवावर घर चालतं त्याची पूजा करणारी माणसं आपण. गवत कापायचं यंत्रच घ्या. एडविन बडिंग नावाच्या इंग्रज कारागिरानं स्ट्राउडजवळ ते काढलं आणि १८३० साली त्याचं पेटंट घेतलं. लोकरीच्या कापडावरची लव सारखी कापणारं गिरणीतलं यंत्र बघून त्याला ते सुचलं होतं. हे मी बेळगावातल्या वडगावच्या एका विणकर मामांना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा असा उजळला, जणू त्यांच्याच घरातल्या कुणी ते केलं होतं. यंत्रावरचा जीव हा असा असतो आणि त्यात लाजण्यासारखं काहीही नाही.

पण हौसेतही वाटणी झालेली आहे, तिच्याबद्दल मला बोलायचं आहे. आमच्या बाजूला भाताची लावणी बघा. चिखल करायला ट्रॅक्टर येतो, त्याच्या सीटवर पुरुष असतो. रोप लावायला बायका, कमरेत वाकून, डोक्यावर इरलं नाहीतर प्लॅस्टिकचा कागद घेऊन, दिवसभर. रताळ्याचे वेल लावायला वाकायचं, भुईमुगाला खुरपायला वाकायचं, गवत विळ्यानं कापायला वाकायचं. ज्या कामाला वाकावं लागतं ते बाईचं. त्याच कामाला इंजिन आणि सीट आली, की दुसऱ्या दिवशी ते पुरुषाचं होतं आणि त्याची मजुरीही वाढते. माझ्या सासूबाईंची कंबर साठीच्या आधीच वाकली होती. त्यांनी आयुष्यभर जेवढं गवत कापलं तेवढं आमच्या मशीननं अजून कापलेलं नाही.

म्हणून मी बसते. पहिल्यांदा त्या सीटवर बसले तेव्हा बागेची उंची वेगळी वाटली. कलमाच्या फांद्या खांद्याला आल्या, बांधापलीकडचा रस्ता दिसायला लागला. मागं वळून बघावं तर कापलेला पट्टा सरळ, आखल्यासारखा, आणि कापलेल्या गवताचा ओला वास. वाकून कापताना आपण किती कापलं ते कधी दिसतच नाही, फक्त किती राहिलं ते दिसतं. इथे केलेलं काम डोळ्यांसमोर पसरलेलं असतं. ही सुखाची गोष्ट आहे आणि ती बायकांनाही मिळायला हवी.

तेव्हा मशीन निवडताना माझी एक अट कागदावर लिहून घ्या. चालवणार कोण ते आधी ठरवा आणि त्या माणसाला, विशेषतः त्या बाईला, दुकानात बरोबर न्या. तिला सीटवर बसवा. पाय पेडलपर्यंत पोचतात का, सीट पुढे सरकते का, ब्रेक पूर्ण दाबला जातो का, डेक वर घ्यायचा दांडा एका हातानं ओढता येतो का, साडीचा पदर किंवा ओढणी कुठल्या फिरत्या भागाजवळ जाते का, हे सगळं तिथंच बघा. पदर खोचूनही चालणार नाही, सलवार-कुर्त्यावर शर्ट घालायचा आणि पायांत बंद बूट. गिअरचं मशीन स्वस्त पडतं, पण हायड्रोस्टॅटिक घ्या. त्यात क्लच दाबायची ताकद लागत नाही, पेडल जेवढं दाबाल तेवढा वेग, सोडलं की थांबलं. शिकायला एक सकाळ पुरते.

आमच्याकडे आता मोवर बहुतेक वेळा मी चालवत नाही. पूर्वी आमच्याच बागेत विळ्यानं गवत कापायला येणारी एक बाई चालवते. तिचा नवरा आधी हसला, मग एका रविवारी बांधावर येऊन उभा राहिला आणि कापणी संपेपर्यंत हलला नाही. तिला गवत कापणीची मजुरी द्यायची की ड्रायव्हरची, असा घरात वाद झाला होता. ट्रॅक्टरवरच्या माणसाला जी दिवसाची मजुरी मिळते तीच तिला द्यायची असं ठरलं, आणि या मृगापासून ती स्लॅशरही शिकणार आहे.