टाइमआउट वाढवला की काम झालं, असं तीन वर्षं चाललं

मागच्या दिवाळीत पुण्याहून आलेल्या मित्राने नाशिकच्या कॉलेज रोडला चहा पिताना सहज विचारलं, सध्या नवीन काय शिकतोयस, आणि मला काही सुचेचना. अंबडला एका छोट्या कंपनीत तीन वर्षं झालेली, कारखान्यांसाठी बिलिंग आणि स्टॉकचं सॉफ्टवेअर, पीएचपी ही प्रोग्रॅमिंग भाषा आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस. रिकामा कधीच नव्हतो, पण सगळं तेच, जुन्या रिपोर्टची फाइल कॉपी करायची, कॉलमची नावं बदलायची, पुढचं तिकीट, म्हणजे नोंदवलेलं काम, घ्यायचं.

मित्र म्हणाला पुण्याला ये. पगारासाठी जायचं असेल तर जरूर जावं, पण तिकडे जाऊनही हेच कॉपी-पेस्ट करणारे माझ्या ओळखीचे आहेत.

माझे डोळे उघडले ते एका रिपोर्टमुळे. दिवसाच्या विक्रीचा रिपोर्ट, उघडायला मिनिटभर लागायचा, कस्टमरचा फोन आला की मी सर्व्हरचा टाइमआउट, म्हणजे तो किती वेळ वाट बघेल ती मर्यादा, 60 सेकंदांची 180 करून मोकळा व्हायचो. नवीन आलेल्या सिनियर मॅडमनी एकच विचारलं, "क्वेरीला एक्सप्लेन लावून बघितलंस का?" क्वेरी म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, आणि एक्सप्लेन म्हणजे डेटाबेस तो कसा सोडवणार ते दाखवणारी कमांड. नव्हतं बघितलं. लावलं तर टाइपखाली ऑल, म्हणजे एका दिवसाच्या बिलांसाठी डेटाबेस अख्खं टेबल वाचत होता! तारखेच्या कॉलमवर इंडेक्स, म्हणजे हव्या ओळी पटकन शोधून देणारी सूची, होता, पण मी क्वेरीच्या वेअर या अटीच्या भागात त्या कॉलमला डेट फंक्शनमध्ये गुंडाळलेलं, त्यामुळे तो साधा इंडेक्स वापरलाच जात नव्हता. फंक्शन काढलं, त्या दिवसाच्या सुरुवातीपासून दुसऱ्या दिवसाच्या सुरुवातीच्या आधीपर्यंत अशी अट घातली, आणि रिपोर्ट एका सेकंदाच्या आत आला. ती डेट फंक्शनवाली ओळ मी तीन वर्षांत किती फाइलींत चिकटवली असेल, आठवूनच पोटात गोळा आला.

तेव्हापासून तिकीट बंद करायच्या आधी अर्धा तास "हे असं का झालं" यालाच देतो. एकदा सातपूरच्या एका कस्टमरकडे स्टोअरमध्ये दिवसभर बसलो, तिथले काका आमच्या सॉफ्टवेअरमध्ये एंट्री करून तीच परत वहीत लिहीत होते, कारण आमच्या स्क्रीनवर बॅच नंबर दिसतच नव्हता. हे ऑफिसात बसून कधी कळलं नसतं. ज्युनियर मुलांना माझं मनापासून सांगणं आहे, महिन्यातून एकदा तरी आपलं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या माणसाशेजारी जाऊन बसा, कुठल्याही कोर्सपेक्षा जास्त मिळतं.

आमचा कोड अजून पीएचपी 7.4 वर आहे, त्याचा सपोर्ट नोव्हेंबर 2022 मध्येच संपलाय. कोणी हात लावत नव्हतं, म्हणून परवा सरांकडून ते काम मागून घेतलं. टेस्ट सर्व्हरवर 8 टाकलं आणि पहिल्याच दिवशी तीन रिपोर्ट चुकले. आधी शून्य आणि अक्षरं दोन बरोबरच्या चिन्हांनी तपासली की समान धरली जायची, 8 पासून तसं होत नाही, आणि आमच्या कोडमध्ये अशा तुलना जागोजागी आहेत. दोन रिपोर्ट सुटलेत, आज तिसऱ्यावर बसलोय.