‘टी’साठी एकच रकाना

धुळे जिल्ह्यातल्या बोअरची उपसा चाचणी, म्हणजे सलग पंप चालवून पाण्याची पातळी किती उतरते ते मोजणं, बिनबोभाट पार पडली. घोडं अडलं ते अहवाल मंजूर करणाऱ्या टेबलावर.

अर्जात ट्रान्समिसिव्हिटीला, म्हणजे खडकातून पाणी किती सहज वाहतं त्या ‘टी’ला, एकच रकाना. आमचा बेसाल्ट कुठे एकसारखा असतो? फटींतलं पाणी आधी धावतं, आजूबाजूच्या दगडात मुरलेलं मागाहून येतं. वेळ लॉग अक्षावर (१, १०, १०० मिनिटं सारख्याच अंतरावर) घेऊन पातळीतली घट मांडली, तर आधी तिरकी रेघ, मग सपाट टप्पा, मग पहिलीला समांतर दुसरी रेघ. वॉरेन आणि रूट या संशोधकांनी १९६३ सालीच हे मांडून ठेवलंय.

साहेब म्हणाले, ‘‘सगळ्या ठिपक्यांतून एकच रेघ मारा की! थाइसचं सूत्र आहे ना?’’ पातळीच्या घटीवरून टी काढायचं ते सूत्र आहे, १९३५ पासून आहे; पण ते जलधर, म्हणजे पाणी धरणारा खडक, सगळीकडे सारखा आणि अमर्याद धरतं. सपाट टप्पा धरून रेघ मारली की तिचा उतार कमी भरतो, टी फुगतो आणि कागदावर पाणीच पाणी. मे महिन्यात बोअर गचके खाणार ते शेतकऱ्याचं. एवढं सांगूनही फाइल शेरा मारून परत. पुन्हा गेलो तर साहेब दौऱ्यावर. नंतरचं उत्तर, ‘‘हे मॉडेल आमच्या नमुन्यात बसत नाही.’’ खडकाला नमुना कुणी पाठवला होता?

अखेर रकान्यात शेवटच्या रेघेचा टी लिहिला, ती कितव्या मिनिटापासून धरली तेही नोंदवलं आणि आलेख वरच टाचला. तिथल्याच एका तरुण भूवैज्ञानिक बाईंनी तो पाहिला आणि उभ्या उभ्या सही केली. इतका वेळ आलेख कुणी उघडलाच नव्हता!

तुमची चाचणी व्हायची असेल तर पातळी सपाट झाली म्हणून पंप थांबवू नका. शेतकरी तेव्हाच खूश होतो, सांभाळून घ्या. थ्री फेजच्या भरवशावर तर मुळीच राहू नका, जनरेटर ठेवा. पंप बंद केल्यावर पातळी चढतानाच्या नोंदी घ्याच. त्यात विजेच्या चढउताराचा गोंधळ नसतो. हो, आणि सुरुवातीची मिनिटं सोडून द्या, ते बोअरमध्येच साठलेलं पाणी असतं. शेवटी उतार दुप्पट झाला तर जवळपास डाइक, म्हणजे खडकात भिंतीसारखा उभा घुसलेला दुसरा खडक, शोधा. धुळे-नंदुरबारकडे ते भरपूर आहेत आणि पाणी अडवतात. रुंद विहिरीवर चाचणी असेल तर १९६७ची पापाडोपुलोस-कूपर पद्धत घ्या, तिच्यात विहिरीतल्या साठ्याचा हिशेब धरलेला असतो.